वाचकांचे प्रश्न : रविवारी ऊस तोडला, चौथी आज्ञा मोडली का?

या वेळच्या टपालातली तीन पत्रं शब्बाथ दिवस, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा दिवस, पवित्रपणे पाळण्याच्या आज्ञेवर आहेत. देवाच्या दहा आज्ञांत आपल्या मोजणीत ती चौथी. कॅथलिक आणि लुथरन वाचकांच्या मोजणीत तिसरी. आज्ञा एकच, तेव्हा क्रमांकावरून कुणी गोंधळू नये. नावं मी छापत नाही, खेड्यांची नावंही नाहीत. सीमाभागातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत, तालुका सांगितला तरी लोक माणूस ओळखतात.

प्रश्न : पास्टर साहेब, सलाम. आमचं गाव दूधगंगेच्या काठी. ऊस दीड एकर. यंदा कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी यायला फार उशीर झाला, ऊस तुऱ्यावर आला, वजन घटायला लागलं. शेवटी चिठ्ठी आली ती शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे ऊसतोड मजुरांची टोळी फडात हजर. मी टोळीच्या मुकादमाला म्हटलं, उद्या या की. तो म्हणाला, उद्या आम्ही दुसऱ्याच्या शेतात, मग तुमचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. मी पोराला शेतात ठेवून उपासनेला गेलो आणि आशीर्वाद झाल्याबरोबर परत आलो. पुढच्या रविवारी चर्चच्या कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, तू चौथी आज्ञा मोडलीस, येत्या प्रभुभोजनाला बसू नकोस. तेव्हापासून झोप नाही. मी पाप केलं का? ऊस तसाच वाळू द्यायला पाहिजे होता का?

उत्तर : भाऊ, सलाम. आधी प्रभुभोजनाचं, म्हणजे मंडळीतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचं, बोलतो, कारण तुमची झोप त्यानं उडाली आहे. तुम्ही मेजाजवळ या. कुणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं हा निर्णय एका सभासदाचा नसतो. भाऊ चुकला असं वाटलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग, असं मत्तय 18:15 मध्ये प्रभूनंच सांगून ठेवलं आहे. ती पायरी सोडून चारचौघांत बोलणं मला पटलेलं नाही, आणि त्या सभासदांनीही हे वाचावं म्हणून मी ते छापतो आहे. आज्ञेबद्दल त्यांच्या मनात कळकळ आहे, हेही मी जाणतो. अशी माणसं मंडळीत हवीत. फक्त बोलण्याआधी त्यांनी तुमच्या घरी येऊन चहा घ्यायला हवा होता.

आता उसाचं. सुगीला सूट आहे असं एखादं वचन तुम्ही शोधत असाल, तर सापडेल ते नेमकं उलटं. निर्गम 34:21 मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विसावा घ्यावा असं स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वचन लपवणार नाही. सुगीच्या दिवसांत माणूस सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, पाऊस येईल, भाव पडेल, मजूर पळतील. त्याच दिवसांत थांबायला सांगणं म्हणजे पोटाला देव देईल यावर भरवसा ठेवायला सांगणं. इस्राएलांना रानात देवानं दिलेलं अन्न, मान्ना, तोही असाच होता. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, सातव्या दिवशी गोळा करायला गेलेले रिकाम्या हातानं परतले.

पण ज्या शेतकऱ्याला ते वचन सांगितलं, त्याची कापणीची तारीख त्याच्या स्वतःच्या हातात होती. आज थांबायचं आणि उद्या विळा घ्यायचा हे तो ठरवू शकत होता. तुमचा दिवस तुम्ही ठरवला नाही. तो चिठ्ठीवर छापून आला. तुम्ही थांबायची विनंती केलीत, ती मान्य झाली नाही, तरी तुम्ही उपासना सोडली नाहीत. याला आज्ञा धाब्यावर बसवणं म्हणता येत नाही. प्रभूनं परुश्यांना, म्हणजे नियमशास्त्र कडकपणे पाळणाऱ्या यहुद्यांना, सांगितलं, ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही.’ भुकेल्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसं मोडली, त्यावरून तो वाद झाला होता. तेही शेतातच.

इथं माझं उत्तर संपलं असतं. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती येऊन गेली आहे आणि मला तिच्यावरच जास्त बोलायचं आहे. ती म्हणजे टोळी.

आज्ञा पुन्हा उघडून वाचा, निर्गम 20 आणि मग अनुवाद 5. आपण पहिलं वाक्य पाठ करतो आणि पुढची यादी घाईनं वाचतो. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझी गुरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. म्हणजे देव ज्याच्याशी बोलतो आहे, त्याच्या शब्दावर दुसरे कामाला लागतात असा माणूस तो आहे. अनुवादात तर कारणही जोडलं आहे, तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा म्हणून. आणि लगेच पुढच्या वचनात आठवण दिली आहे की तूही मिसर देशात दास होतास.

मिसरात त्यांचं काम काय होतं? विटा. मी खानापूर भागात पाळक होतो. तिथल्या मातीची कौलं आणि विटा सगळ्यांना माहीत आहेत. उन्हाळ्यात भट्ट्यांवर जी कुटुंबं असत, त्यांचा हिशेब हजार विटांमागे. आजारी पडलं तर विटा कमी, विटा कमी तर आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. त्यांच्यातल्या काही जणांना मी निर्गमचा पाचवा अध्याय वाचून दाखवला होता. मिसरचा राजा फारो म्हणतो, पेंढा देऊ नका, पण विटांची संख्या एकानंही कमी करू नका, हे लोक आळशी झालेत म्हणून देवाची उपासना करायला जाऊ द्या म्हणतात. ऐकणाऱ्या एका बाईनं विचारलं, हे कुणी लिहिलं, आमच्यातल्या कुणी लिहिलं का? मला त्या आज्ञेचा अर्थ पुस्तकांतून जेवढा कळला नव्हता तेवढा त्या प्रश्नानं कळला. ज्यांना वर्षानुवर्षं एकही दिवस मिळाला नाही, त्यांना देवानं सोडवून आणलं आणि सीनाय डोंगरापाशी पहिल्यांदा जे नियम दिले, त्यांत आठवड्याचा एक दिवस दिला. दास मोकळा झाला याची खूण म्हणजे तो दिवस. मग मोकळा झालेला माणूस दुसऱ्याकडून तो दिवस काढून घेऊ लागला, तर तो फारोच्या जागी जाऊन बसला.

तुमच्या फडात आलेली माणसं कुठली होती? बीडकडची, की विजापूरकडची? दसऱ्यानंतर घर सोडून आलेली आणि उन्हाळा लागल्यावरच परतणारी. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून एक दिवस अंग मोडून आलं तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो, त्यामुळे त्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, ऊस पडत राहिलाच पाहिजे. बाई पहाटे कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकऱ्या थापते, मग मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते, आणि तिचं लेकरू बांधावर पाचटाच्या सावलीत. आपल्या भागात किती तरी गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, बसवण्णाचा वार म्हणून. लिंगायत शेजाऱ्यांची ही रीत मला फार आवडते. बैलाचं नाव आपल्याही आज्ञेत आहे, आणि निर्गम 23:12 मध्ये तर सातव्या दिवशी थांबण्याचं कारणच बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना विसावा मिळावा असं दिलं आहे. पण टोळीच्या गाडीच्या बैलाला हंगामात सोमवारही नाही. आणि टोळीतल्या बाईला कुठलाच वार नाही.

त्या कमिटी सभासदांनी तुम्हाला विचारलं, तू रविवारी शेतात का होतास? मला वाटतं आज्ञा विचारते, रविवारी तुझ्या शेतात आणखी कोण होतं, आणि त्यांचा दिवस कुठला?

तुम्ही दीड एकराचे मालक आहात, साखर कारखान्याचे नाही. सगळ्या हंगामाची घडी तुम्ही बदलू शकत नाही आणि देवही ते तुमच्याकडून मागत नाही. पण जेवढं तुमच्या बांधाच्या आत आहे तेवढं मागतो. पुन्हा रविवारीच टोळी आली तर दुपारी दोन तास काम थांबवा, सावली करा, त्या दिवशीचं जेवण तुमच्या घरून न्या आणि त्यांच्याबरोबर बसून जेवा. बाळंतीण किंवा आजारी बाई असेल तर मुकादमाशी बोलून तिचा खाडा पडणार नाही असं बघा, लागले तर ते पैसे तुम्ही भरा. मुकादमाला खुशाली देता, तशी ही देवाच्या नावानं द्या. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्यांच्या बैलांना नेऊ द्या, त्याचे पैसे मागू नका. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, भाद्रपदात, तुमच्या शिवारातले पाच-दहा ऊसवाले एकत्र बसा. टोळीला पंधरा दिवसांतून एक दिवस सुट्टी, खाडा न धरता, एवढी एक गोष्ट कारखान्याच्या शेती खात्याकडे आणि मुकादमाकडे मागा. मग तो दिवस रविवार असो की सोमवार. हिंदू, लिंगायत, जैन शेजारी तुमच्याबरोबर येतील. असं बोलणं मी ऐकलं आहे, लोकांच्या मनात ते असतं, पहिला कुणीतरी काढावा लागतो.

आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात व्यापारी कुरकुरतात, शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही कधी धान्य विकायला काढतो, माप लहान आणि वजन मोठं करून. काट्यावर वजन मारणारे आणि विसावा मारणारे एकाच वाक्यात बसवले आहेत. ऊसवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न : आदरणीय पास्टर साहेब, मी बेळगावात राहते. शाळेत शिकवते, सोमवार ते शनिवार शाळा. रविवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. सकाळी सगळ्यांचे कपडे, नाश्ता, मग चर्च. तिथून सासरची चार-पाच माणसं जेवायला. मटण, पुऱ्या, भात, सोलकढी. भांडी घासून होईपर्यंत चार वाजतात. घरातले सगळे झोपलेले असतात. आज्ञेतली यादी मी नीट वाचली. मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी, बैल, गाढव, परका, सगळे आहेत. बायको नाही. सुनेचं तर नावच नको. मी सासूबाईंविरुद्ध तक्रार करत नाही, त्यांनीही जन्मभर हेच केलं. पण विचारते, देव मला विसरला का?

उत्तर : ताई, नाही विसरला. आणि ही यादी एवढ्या बारकाईनं वाचलीत, त्याबद्दल तुमचा मला अभिमान वाटतो. यादीत बायको खरंच नाही. पुष्कळ अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला आहे, आणि मलाही तोच बरोबर वाटतो, की पहिल्या ‘तू’मध्ये घरधनी आणि घरधनीण दोघंही आहेत. तुमच्या हाताखाली जे आहेत त्यांना विसावा द्या असं दोघांना सांगताना त्यांतल्या एकीला कामाला जुंपलेलं कसं चालेल? दासीला विसावा आणि मालकिणीला चूल, असा अर्थ काढला तर आज्ञा उभीच राहत नाही.

पण तुमच्यासाठी यादीहून महत्त्वाचं वचन वेगळंच आहे. निर्गम 16:23. मोशे लोकांना सांगतो, उद्या विसाव्याचा दिवस आहे, भाजायचं ते आज भाजा, शिजवायचं ते आज शिजवा आणि उरेल ते सकाळपर्यंत ठेवा. दहा आज्ञा डोंगरावर देण्याच्या आधीच देवानं स्वयंपाकघराचा विचार केला आहे. यहुदी घरांत आजही शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकतात. सुट्टीचा दिवस सुरू होण्याआधी चूल शांत होते.

आपल्या ख्रिस्ती घरांत हे उलटं झालं. रविवार म्हणजे मटण, ही रीत कुठून आली ते मला ठाऊक आहे. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायची. सहा दिवस नाकातोंडात तंबाखूची धूळ. रविवारी घरात सगळे एकत्र असायचे आणि आठवड्यातून तेवढाच एक दिवस चांगलंचुंगलं. त्या जेवणात प्रेम होतं, मी ते विसरू शकत नाही. पण त्या दिवशी आईला बसलेलं पाहिल्याचंही मला आठवत नाही. वखारीच्या मालकानं तिला रविवार दिला होता. आम्ही घरातल्यांनी तो घेतला.

लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं पाठीतून वाकलेली एक बाई सभास्थानात येते. प्रभू तिला शब्बाथ दिवशीच सरळ उभं करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो, या कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा या. प्रभू त्याला विचारतो, तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल, आपलं गाढव दाव्यातून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग अब्राहामाची ही कन्या सोडवली जायला नको का? मला ताई, तुमच्या पत्राचं उत्तर याच प्रश्नात दिसतं. आणि तो प्रश्न तुम्हाला विचारलेला नाही. तो उभ्या राहिलेल्या पुरुषांना विचारला आहे.

म्हणून पुढचं तुमच्या यजमानांसाठी आणि सासऱ्यांसाठी लिहितो. हा अंक त्यांच्या हातात द्या. द्यायला संकोच वाटत असेल तर जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवा. रविवारी दुपारी साधं जेवण करा, शनिवारी रात्री करून ठेवलेलं, सगळ्यांनी मिळून केलेलं. आमटी-भात, लोणचं, शनिवारच्या चपात्या. मटण खायचंच असेल तर शनिवारी रात्री खा. पाहुणे आले तर तेच वाढा. सीमाभागातले पाहुणे भाकरी-ठेच्यावर रागावल्याचं मी पाहिलेलं नाही. कपडे शनिवारी संध्याकाळी मुलांनी इस्त्री करावेत. जेवल्यावर भांडी पुरुषांनी घासावीत. सासूबाईंनाही त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवू देऊ नका, त्यांची थकबाकी तुमच्यापेक्षा मोठी आहे. रविवारच्या शाळेत फळ्यावर ही आज्ञा लिहून पाठ करून घेणारे आपण, तिची सुरुवात घरच्या मोरीपासून करू या.

आणि त्या मोकळ्या दुपारी तुम्ही काय कराल ते मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहे. पाळीमुळे आठवड्याची सुट्टी दर वेळी रविवारीच येते असं नाही. दुसऱ्या मंडळीतला माझा एक मित्र म्हणतो, खरा शब्बाथ शनिवार आहे आणि रविवार एका रोमन बादशहानं घुसवला. मग मी कोणता दिवस धरू?

उत्तर : तुमचा मित्र अर्धं बरोबर सांगतो. दहा आज्ञांतला सातवा दिवस म्हणजे शनिवार, आणि यहुदी लोक आजही तोच पाळतात. पण रविवार बादशहानं आणला हे खरं नाही. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मरणातून उठला, म्हणून शिष्य त्या दिवशी जमू लागले. प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये ते भाकर मोडायला पहिल्या दिवशी जमलेले दिसतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रोमी सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या सभेचं वर्णन दिलं आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, गरिबांसाठी दान. तुमचा मित्र म्हणतो त्या कॉन्स्टंटाइन बादशहाचा हुकूम त्यानंतर फार उशिरा, 321 साली. त्यानं न्यायालयं आणि शहरातले कारखाने रविवारी बंद ठेवायला सांगितलं आणि शेतकऱ्यांना मात्र शेतीकामाची मोकळीक दिली. पहिल्या पत्रातल्या भावाच्या कमिटी सभासदांनी ही गोष्टही वाचावी.

आपल्याकडे कामगाराला रविवार मिळाला तो राजानं दिला म्हणूनही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा 1890 साली मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. त्या कामगारांपैकी बहुतेकांनी अनुवादाचा पाचवा अध्याय कधी ऐकलाही नसेल. पण दासालाही विसावा मिळावा हे तिथं घडलं, आणि पुढे कारखाना कायद्यांतल्या आठवड्याच्या सुट्टीतून तुमच्यासारख्यांपर्यंत पोचलं.

तुम्ही मित्राशी भांडू नका. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तुमची सुट्टी ज्या दिवशी येईल तो दिवस पूर्ण ठेवा. त्या दिवशी जादा पाळी घेऊन पैसे जोडायचा मोह होतो, हप्ते असतात, मला माहीत आहे. तरी ठेवा. रविवारी उपासनेची वेळ पाळीत जात असेल तर तुमच्या पास्टरांना विचारून बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जात जा. आणि तुमच्या पाळीतल्या एखाद्या माणसाला ईदला, गणपतीला किंवा उगादीला घरी जायचं असेल तर त्याची पाळी तुम्ही घ्या. म्हणजे नाताळच्या आणि पुनरुत्थानाच्या दिवशी तुमची पाळी कुणी घ्यावी म्हणून तुम्हाला सुपरवायझरच्या मागे लागावं लागणार नाही.